आमच्या कावळ्यांना कोणी विचारलं?

१ नोव्हेंबर, शनिवार

आज वाचनालयात उभं राहायला जागा नव्हती. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण "मासळी विकणाऱ्या बायका संशोधन ऐकायला येतील? खुळावली की काय!" असं म्हणणाऱ्या सगळ्यांची तोंडं माझ्या लक्षात आहेत. जगात कुठेतरी काही नवं शोधलं गेलं की तो निबंध आपण वाचायचा आणि शनिवारी संध्याकाळी इथल्या माणसांना इथल्या भाषेत सांगायचा, एवढंच मी करते. पगार मिळतो तो पुस्तकं देण्याघेण्याचा. हे वरकड काम. एमेस्सी करून वाडीत परत आलेल्या मुलीने दुसरं काय करावं? यावर लग्न हे उत्तर बऱ्याच जणांकडे तयार असतं.

आजचा विषय कावळा. परदेशातल्या एका विद्यापीठातल्या माणसांनी मुखवटे घालून कावळे पकडले, त्यांच्या पायांत खुणेची कडी घातली आणि सोडून दिलं. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे आरडाओरडा करायचे. जे कधी पकडलेच गेले नव्हते तेसुद्धा! म्हणजे कावळा तोंड ओळखतो, डूख धरतो आणि दुसऱ्यांनाही शिकवतो. वाळत घातलेल्या मासळीवरून कावळे हाकलण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या बायका हातातलं काम विसरून ऐकत होत्या.

"कळला मां सगळ्यांक?" शेवटी मी विचारलं.

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात. देवळात गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं सामुदायिक मागणं, घातल्यावर म्हणतात तसं. काय हशा पिकला!

एकटी आमची आई हसली नाही. मासळीची पाटी पायाशी ठेवून ती म्हणाली, "किती कावळे पकडल्यानी?"

"बरेच नाय. थोडेच."

"खंयचे?"

"अमेरिकेतले."

"मगे आमच्या कावळ्यांक कोणी इचारल्यान?"

पुन्हा हशा. पण आता तो माझ्यावर होता. घरचाच भेदी, दुसरं काय! निबंधाच्या शेवटी 'मर्यादा' म्हणून एक परिच्छेद असतो. किती पक्षी पाहिले, कोणत्या जातीचे, काय अजून ठाऊक नाही, हे सगळं त्यात दिलेलं असतं. तो मी गाळते. 'हे नक्की नाही, ते पाहिलेलं नाही' असं सांगत बसलं तर लोक चपला घालून उठतील.

बाबूदादा मात्र हवा होता. त्याचे वडील गंगारामकाका गेले, त्यामुळे घरात सुतक आहे. एरवी गलोल मारून कावळे उठवण्यात त्याचा हात धरणारा या किनाऱ्यावर कोणी नाही. त्याची लाल टोपी मासळी वाळवायच्या खळ्याच्या टोकाला दिसली तरी कावळे कावकाव करत उडतात. त्याला मजा आली असती.

४ नोव्हेंबर

स्टँडवर दोन रिक्षावाले चक्क कावळ्याच्या मेंदूवर वाद घालत होते. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मग मुद्दाम परत त्याच रस्त्याने आले.

६ नोव्हेंबर

काल गंगारामकाकांचा दहावा झाला. माझा भाऊ नितेश किनाऱ्यावर गेला होता, त्याने सांगितलं ते लिहिते.

पिंड ठेवला. कावळे सुरूच्या झाडांवर बसलेले, चांगले डझनभर. पण एकही खाली येईना. बाबूदादा हात जोडून उभा. डोक्याचं मुंडन केलेलं, वरून ऊन. "आवशीक अंतर देवचंय नाय," त्याने आईबद्दल शब्द दिला. कावळे जागचे हलले नाहीत. "भयणीचा लगीन करतलंय." नाही. "होडयेतलो काकाचो हिस्सो काकाक देतलंय." तरीही नाही. माणसं उन्हाने कासावीस झाली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी आटोपला.

इथवर ठीक होतं. असं पूर्वीही घडलेलं आहे. पण परत येताना कोणीतरी म्हणालं, "शिवतलो कसो? प्रियांकान सांगल्यान ना, कावळे तोंड वळखतत म्हणान! जलमभर गलोल मारली, आता घेतल्यानी सूड."

संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. कावळ्यांनी बाबूला ओळखलं, म्हणून बाप अडकला, आणि हे विज्ञानाने सिद्ध झालंय. विज्ञान म्हणजे कोण, तर मी!

मला आधी हसू आलं. मग नितेश म्हणाला, बाबू जेवलेला नाही.

१० नोव्हेंबर

बाबूदादा वाचनालयात आला. मी नव्या पुस्तकांवर नंबर घालत होते.

"तू काय सांगलंस गो लोकांक?"

"मी कावळ्यांचा सांगलंय. तुझा नाय सांगूक."

"माझो बापूस माझ्यामुळे अडाकलो, असा सांगलंस?"

"मी असा कधीच बोलूक नाय, बाबूदादा."

"मगे काय बोललंस?"

मी त्याला मुखवट्यांपासून सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकलं. मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे वळखतत. खरां ना?"

आता मी काय सांगणार? त्याला बरं वाटावं म्हणून संशोधन खोटं पाडू? "व्हय," मी म्हटलं. "वळखतत."

तो उठला. उंबऱ्याला अडखळला. मी खरं तेच सांगितलं, आणि तरी दिवसभर नंबर चुकत राहिले. उद्या सगळे पुन्हा घालायला हवेत.

१२ नोव्हेंबर

अप्पांनी बोलावलं. अप्पा आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, देवळाचे मानकरी आणि माझे शाळेतले मुख्याध्यापक. तिन्ही नाती एकदम वापरायची असली की ते शुद्ध मराठीत बोलतात.

"प्रियांका, तुझ्या हेतूबद्दल कुणालाच शंका नाही. पण लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. बाबूचं घर दुखावलंय. महिनाअखेरीला आपली वार्षिक सभा आहे. तिथे दोन शब्दांत दिलगिरी व्यक्त कर, म्हणजे शनिवारचं प्रकरण मिटवून टाकू."

"मिटवून म्हणजे?"

"बंद करू. लोकांनाच नको आहे ते."

"दिलगिरी कुणाच्या वतीने? माझ्या की कावळ्यांच्या?"

अप्पांना हे आवडलं नाही. सभेपर्यंत शनिवारी संध्याकाळी वाचनालयाची किल्ली त्यांच्याकडे राहील, असं त्यांनी सांगितलं. मी किल्ली टेबलावर ठेवली. जरा आपटलीच.

मी माफी मागणार नाही. बैठकही बंद करणार नाही. भूगोलाच्या तासाला "पृथ्वी गोल कशावरून?" असं विचारलं म्हणून याच अप्पांनी मला एकदा बाकावर उभं केलं होतं. मी तेव्हाही खाली बसले नव्हते. तास संपला तरी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

किल्ली नाही तर नाही! बैठक मासळीच्या खळ्यात घेतली, उघड्यावर. एका बाजूला बांबूंवर बोंबील, दुसऱ्या बाजूला आम्ही, वर कावळे. माणसं निम्मीसुद्धा नव्हती. अप्पांची भीड. पण आलेल्या बायका ठाण मांडून बसल्या.

विषय घेतला माशाच्या कानातल्या खड्याचा. झाडाच्या खोडासारखी त्यावर वलयं असतात, त्यावरून माशाचं वय कळतं. आणि आता तर त्या खड्यातून मासा कुठल्या पाण्यात फिरला, पाणी किती तापलं होतं, तेही शोधतायत. लगेच आईचं सुरू: "कोणी बघल्यान? सगळ्या माशांत सारख्याच दिसता? चूक झाली तर कळतली कशी?" तिचं बघून दुसऱ्याही दोघी-तिघी तोंड उघडू लागल्या. एकीने विचारलं, पाणी दरवर्षी सारखं नसतं, मग वलय वर्षाचंच कशावरून? मला धड पुढे जाऊ देईनात. शेवटी नाइलाजाने मर्यादांचा परिच्छेद वाचून दाखवावा लागला. अख्खा!

आज "व्हय म्हाराजा" कोणीच म्हणालं नाही. बैठक पडली असं समजायचं.

बाबूदादा लांब होडीला टेकून उभा होता. ऐकू जात असेल की नाही, कोण जाणे.

२० नोव्हेंबर

आईचं काहीतरी बिनसलंय. सकाळी खळ्याकडे गेले तर ही बया बाबूची लाल टोपी डोक्यावर घालून बोंबलांच्या रांगांतून फिरतेय! लुगड्यावर लाल टोपी! कावळे डोक्यावर घिरट्या घालून बोंबलत होते. बाकीच्या बायका भिंतीआड लपून बघत होत्या.

मी हाक मारली तर मलाच ओरडली, "आडवी येव नको! बाजूक हो!"

ज्याच्यामुळे माझी बैठक बंद पडतेय त्याची टोपी मिरवते. वाडीत माझी शोभा करायला दुसरी जागा नाही मिळाली तिला.

२४ नोव्हेंबर

आज कहर झाला. बाबूदादा बोडक्या डोक्याने खळ्याच्या मधोमध उभा, हात मोकळे, नुसता उभा. आई आणि दोघी बायका आडोशाला. मग बाबू बाहेर आला आणि टोपी घालून नितेश आत गेला. माझा सख्खा भाऊ! कावळ्यांनी नुसता कालवा केला. मग टोपी दुसऱ्या बाईच्या डोक्यावर. हसणं नाही, खिदळणं नाही. सगळ्यांचे चेहरे असे गंभीर, की जणू लिलावाची बोली चाललीय.

जेवताना मी आईला सरळ विचारलं, "तू कोणाच्या बाजून? माझ्या की बाबूच्या?"

"कावळ्यांच्या," ती म्हणाली आणि सोलकढी वाढली.

मी वाटी बाजूला सारली. एवढं शिकले, रात्रंदिवस डोळे फोडून निबंध वाचते ते कुणासाठी? या बाईला कळावं म्हणूनच ना! आणि हिचं काय, तर प्रत्येक गोष्टीत खोट काढायची. सभेत मी एकटी पडले तरी चालेल. भाषण तयार केलंय. चांगलं जळजळीत आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

सभा झाली. क्रमाने लिहिते, नाहीतर रागात काहीतरी राहून जाईल.

आमच्याकडे वाचनालयाची सभासुद्धा गाऱ्हाण्याने सुरू होते. अप्पा उभे राहिले, सगळे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी ही लेकरा हंय एकवट झाली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येंच्या होडयेक, जाळ्याक बरकत दी, पोराबाळांक सांभाळ..."

"व्हय म्हाराजा!"

"वाडीत बोलाचाली होऊन कोणाचा मन दुखावला आसात, तर ता आजपासून शांत कर..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ही शनिवारची बैठक आजपासून बंद होवन वाडी पयल्यासारी एकजुटीन नांदू दी, रे म्हाराजा!"

ठराव मांडणं नाही, चर्चा नाही, सरळ गाऱ्हाण्यातच घातलं! आणि गाऱ्हाण्याला नाही म्हणायची पद्धतच नाही. लहानपणापासून तोंडाला सवय. निम्म्या लोकांच्या ओठांवर 'व्हय' आलंसुद्धा. मी जळजळीत भाषण मुठीत धरून उभी.

"नाय म्हाराजा."

आई. पाटीवाल्या बायकांच्या घोळक्यातून, बाजारात भाव सांगावा तशा खणखणीत आवाजात.

अप्पांनी जोडलेले हात तसेच. "यमुना, गाऱ्हाण्यात नाय म्हणूचा नसता."

"मगे गाऱ्हाण्यात ठराव घालूचो नसता, अप्पानू."

"लोकांकच नको आसा ती बैठक."

"किती लोकांक इचारलात? खंयच्या? आमच्याकडे येवक नाय कोणी इचारूक."

मागून एकजण फसकन हसला. हा तर तिचा मला छळायचा प्रश्न! तोच, तसाच, फक्त कावळ्यांच्या जागी माणसं.

मग तिने पिशवीतून लाल टोपी काढली. "आयका. बाबू बोडक्या डोक्यान खळ्यात गेलो, कावळे गप. मी टोपी घातलंय, माझ्यार कावकाव. नितेशान घातल्यान, तेच्यार कावकाव. म्हणजे आमचे कावळे टोपी वळखतत. तोंड वळखतत काय? ता अजून कळाक नाय. दहाव्याक बाबूच्या डोक्यार टोपी होती? नाय होती. केस-सुदीक नाय होते. मगे कावळे कित्याक येवक नाय? ता पण कळाक नाय. आणि कळाक नाय म्हणानच तुमी बंद करूक बघतास?"

मला राहवेना. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं की असं चालत नाही. एकच खळं, तेच ते कावळे, बायकांच्या अंगाला मासळीचा वास, तिघाचौघांवरून निष्कर्ष! हा निबंध असता तर मीच परत पाठवला असता.

"तुज्याकडसूनच शिकलंय ना गो," आई म्हणाली. "आणि म्हणानच सांगतंय, आजून चार शनिवार व्हये."

तेवढ्यात बाबूदादा उठला. केस आता थोडे आले आहेत. तो अप्पांकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. "बंद करू नकात," तो म्हणाला. "लोक हसले, ता हसले. माका कळाक व्हया."

अप्पा खाली बसले, चष्मा पुसला. मला वाटलं आता शुद्ध मराठी सुरू होणार. पण त्यांनी विचारलं, "डोमकावळ्याचा काय गो? तो-पण तसोच करता?"

"म्हायत नाय, अप्पा," मी म्हटलं. चारचौघांत असं म्हणायची माझी पहिलीच वेळ. कोणीही चपला घालून उठलं नाही.

अप्पांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. आपटली नाही.

माझं भाषण राहिलंच. चांगलं होतं. आईला म्हटलं, निदान मला आधी सांगायचंस तरी. तर म्हणते, "सांगलंय असता तर तू थंय येवन भाषण दिलं असतंस. कावळे उडान गेले असते." आणि मग माझा हात धरून घरापर्यंत चालत आली. वाटेत तिने ती टोपी डोक्यावर चढवली. देवळाच्या पिंपळापासून आमच्या दारापर्यंत कावळे आमच्या नावाने शंख करत होते. मी म्हटलं, काढ ती, लोक बघतायत. तिने काढली नाही, आणि मीही पुन्हा सांगितलं नाही.

पुढच्या वेळेपासून मर्यादांचा परिच्छेद आधी वाचणार आहे. कोणी सांगितलं म्हणून नाही. माझं मी ठरवलंय.

४ डिसेंबर

सकाळी वाचनालय उघडत होते तर बाबूदादा धावत आला. पायाला ओली वाळू, हातात रिकामी पत्रावळ. दम खात दारात उभा राहिला.

सभेपासून तो रोज उजाडता सुरूच्या झाडांखाली भात ठेवून समोर उभा राहतो, बोडक्या डोक्याने. हे मला ठाऊकही नव्हतं. आईला होतं.

"कावळो शिवलो गो," तो म्हणाला. "माझ्याकडे बघल्यान. चांगला तोंडाकडे बघल्यान, आणि मगे शिवलो."

मला फार आनंद झाला. तो तसाच गिळून मी जे खरं तेच सांगितलं. "बाबूदादा, एक कावळा. एक दिवस. ह्येच्यावरून काय सिद्ध होणा नाय."

"म्हायत आसा माका," तो म्हणाला, आणि पायरीवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला.

मीही त्याच्या शेजारी बसले. आठची एसटी गेली तरी वाचनालय उघडलं नव्हतं.